झाडे सर आणि तिखट पाणी

झाडे सर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते फुलदाणीतलं शिळं पाणी मागायला.

आम्ही नुकतेच साताऱ्याकडून नागपूरला आलो होतो. साल एकाहत्तर. मला तिथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली होती आणि सक्करदऱ्याला, तलावाच्या अलीकडे, दोन खोल्या मिळाल्या होत्या. निम्मं सामान अजून पोत्यात होतं. दार वाजलं म्हणून उघडलं, तर समोर एक उंच, वाळका गृहस्थ. शर्टाच्या एका खिशाला शाईचा डाग, दुसऱ्या खिशातून डोकावणारी काचेची नळी आणि हातात रिकामी बाटली.

"तुमच्या खिडकीतल्या फुलदाणीतलं पाणी किती दिवसांचं आहे जी?"

माझी बायको सुमन ओशाळली. "पाच-सहा दिवस झाले असतील. गडबडीत बदलायचं राहिलं बघा. आत्ता ओतून टाकते."

"टाकू नका!" ते इतक्या जोरात ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "वहिनी, लाखाची वस्ती आहे तिथं!"

त्यांनी नळीनं ते हिरवट पाणी ओढून बाटलीत सोडलं, बाटली उजेडात धरली, समाधानानं मान हलवली आणि जाता जाता सुमनला म्हणाले, "घर छान ठेवता तुमी." हे कौतुक होतं की टोमणा, हे तिला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेलो, तर तेच गृहस्थ कोपऱ्यात बसलेले. शामराव झाडे, प्राणिशास्त्र विभाग. आडनाव झाडे, पण त्यांना झाडात रस नव्हता. तसा हत्ती-घोड्यातही नव्हता. जे डोळ्यांना दिसतं त्यात सरांना मुळातच फारसं स्वारस्य नसे. त्यांचं सगळं प्रेम एकपेशीय जिवांवर, आणि त्यातही पॅरामीशियमवर. हा जीव चपलेच्या तळव्यासारखा दिसतो, म्हणून सर त्याला लाडानं 'चपलीवाले' म्हणत. उरलेल्या सृष्टीला, म्हणजे गांडुळापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना, त्यांचा एकच शब्द होता, 'बडे लोग'.

"बडे लोग बदलत नाहीत गा," ते म्हणत. "त्यायले टाइमच नाही."

सरांचं घड्याळही चपलीवाल्यांचं होतं. नागपूरच्या उकाड्यात हा जीव दिवसातून तीनदा दुभंगतो, म्हणजे आठ तासांची एक पिढी. मीटिंग लांबली की सर कुजबुजत, "अर्धी पिढी खाल्ली या माणसानं." कुणी कसलीही तक्रार केली, नळाची, पगारवाढीची, जावयाची, की उत्तर ठरलेलं: "पिढी बदलू द्या, मंग पाहू." दिवाळीला मी दहा दिवस गावी जाऊन आलो, तर फाटकातच त्यांनी मला गाठलं. "तीस पिढ्या झाल्या तुमाले जाऊन! माणसाच्या हिशेबानं सांगू? तुमी गेले तवा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं."

सरांचं घर आमच्यापासून चार घरांवर होतं. घरात दोघंच. सर आणि विमलकाकू. काकू ठेंगण्या, गोल, आणि हसायला लागल्या की पदर तोंडात कोंबावा लागे इतक्या हसऱ्या. मूलबाळ नव्हतं. घरभर बरण्या होत्या. मुरंब्याच्या, लोणच्याच्या, औषधाच्या, आणि प्रत्येकीत गवताच्या काढ्याचं पिवळट पाणी. काकूंचं लोणचं दुधाच्या कॅनमध्ये असे आणि पापड शिवणाच्या मशीनच्या खोक्यात.

"लग्नात मले सासूबाईंनी सोळा बरण्या देल्या होत्या," काकूंनी सुमनला सांगितलं. "एक राहू देली नाही यानं. परवा पाहुण्याले मुरंबा म्हणून काय वाढलं असतं मी, देवालेच ठाऊक!"

मी या सगळ्यात ओढला गेलो तो एका रविवारी. काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं आणि सावजी रस्सा केला होता. सावजी रस्सा काय असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर तर्रीचा लालभडक थर होता. मी साताऱ्याचा, म्हटलं तिखट काय आपल्याला नवीन नाही. मी मोठा घास घेतला. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. सुमन पाठ थोपटत होती, काकू गूळ शोधत होत्या आणि झाडे सर वही काढून विचारत होते, "किती ग्लास पाणी झालं? सहा का सात?"

मी जरा माणसात आलो तशी त्यांनी कल्पना मांडली.

"शिंदे, तुमी सापडले हे बरं झालं. मले एक बडा प्राणी पाहिजेच होता."

कल्पना अशी. लाल मिरचीचा काढा मलमलच्या फडक्यातून गाळायचा. एका मोठ्या बरणीत चपलीवाले ठेवायचे. दर रविवारी त्या बरणीत काढ्याचे थेंब वाढवायचे आणि त्याच रविवारी मला रस्शाचा चमचा वाढवायचा. पाहायचं, नागपूरचं तिखट आधी कोण पचवतं. पॅरामीशियम की मराठी विभाग.

"शर्यत लावता काय?" मी विचारलं.

"शर्यत कसली? तुमी हरलेलेच आहा. मी फक्त लिहून ठेवणार."

मग त्यांनी मला का हरलो ते समजावलं. सर वर्गात कसे शिकवत ठाऊक नाही, पण जेवणाच्या पाटावर फार सुंदर शिकवत.

"समजा, वीस वर्षांनी तुमाले तर्री सोसायले लागली. तुमच्या पोराले काय फायदा? शून्य! ते पुन्हा पहिल्या चमच्यापासून रडणार. काहून? तुमच्या अंगात अब्जावधी पेशी, पण पुढं पोरात जाते तुमची एक. बाकीच्या सगळ्या तुमच्यासंगं घाटावर. अन् हा चपलीवाला? याचं सगळं अंगच बियाणं आहे. त्याच्या बियाण्यात जो फरक पडला, तो सरळ दोन लेकींत वाटून गेला. आई कुठं गेली? कुठंच नाही. तीच दोन झाली. तेरवीचं जेवण नाही का वारसाचं भांडण नाही."

"म्हणजे ते लवकर शिकतात."

सरांनी पाटावर हात आपटला. वाटीतला रस्सा हिंदकळला. "शिकत कोणीच नाही! हजारात दोन-चार जन्मतःच जरा निबर असतात. तिखट पडलं, बाकीचे गेले, हे उरले. उद्या तेच दुप्पट, परवा चौपट. आता हत्ती घ्या. बावीस महिने पोट घेऊन फिरते अन् देते काय, एक पिल्लू! निसर्गानं निवड करावी तं कशातून? दुकानात एकच शर्ट असला, तं आवडो न आवडो, तोच घालून वरातीत जा लागते."

"आणि लग्नं-बिग्नं?" सुमननं विचारलं.

"कधीमधी करतात, वहिनी. दोघं जवळ येतात, पोटातल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करतात अन् आपापल्या वाटेनं निघून जातात. पोर नाही, हुंडा नाही, व्याह्याचा मानपान नाही."

"किती शहाणे वं!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला.

मला एक शंका होती. ती मी फार हुशारीची समजत होतो. म्हटलं, "सर, एवढे भराभर बदलतात, तर अमीबा अजून अमीबाच कसा? इतक्या वर्षांत एखादी पायरी तरी वर चढायला हवी होती."

सर हसले नाहीत. म्हणाले, "वर म्हणजे कुठं? हत्ती झालं म्हणजे पास, असं अमीबाले कोणी सांगतलं काय?"

अशा रीतीनं मी प्रयोगात सामील झालो. दर रविवारी सकाळी सर दारात येऊन हाक मारत, "चला बडे लोग, वेळ झाली." आधी बरणीचं काम चाले. सर मोठ्या बरणीतले काही थेंब काढून दुसऱ्या एका साध्या पाण्याच्या बरणीत सोडत, तिच्यावर चिठ्ठी डकवत आणि ती मागच्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवत. मग मोठ्या बरणीत तिखट पडे. मग मायक्रोस्कोप. पहिल्या रविवारी मी डोळा लावला, तर सगळीकडे पळापळ चाललेली. काही गरगर फिरत होते, काही थांबले होते ते थांबलेच. सर मायक्रोस्कोपाशी फार वेळ बसले नाहीत. "आता तुमचा चमचा," म्हणाले आणि उठले.

आमची प्रगती वहीत लिहिली जात होती. दोन महिन्यांत चपलीवाले तिसऱ्या थेंबावर मजेत पोहत होते. मी दीड चमच्यावर उचक्या देत होतो. चार महिन्यांत ते आठव्या थेंबावर गेले. मी दोन चमचे, पाच ग्लास पाणी आणि अर्धी भेली गूळ. एकदा मला अतिसार झाला, तर सर समाचाराला आले, शेजारी बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "घाबरू नका. तुमी एकटेच आहा म्हणून त्रास होऊन राहिला. तुमच्यासारखे लाखभर शिंदे असते ना, तं आतापावेतो एखादा निघालाच असता."

फेब्रुवारीत कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं. आजूबाजूच्या कॉलेजांतून मुलं आली होती, मुंबईहून एक वयस्कर परीक्षक आले होते. प्राध्यापकांसाठीही एक बक्षीस होतं. प्राचार्यांनी सरांना बजावलं होतं, "झाडे, यंदा काहीतरी भव्य करा." सरांनी टेबलावर एक मायक्रोस्कोप मांडला, दोन पट्ट्या मांडल्या, वर तक्ता टांगला आणि टेबलापलीकडे खुर्ची टाकून मला बसवलं. माझ्यासमोर वाटी. माझ्या डोक्यावर पाटी: 'मोठा प्राणी. शिंदे, मराठी विभाग.'

माझेच विद्यार्थी रांग लावून बघत होते.

परीक्षक आले. सरांनी पहिली पट्टी लावली. तलावातले साधे चपलीवाले, वर बाराव्या थेंबाचं तिखट पाणी. परीक्षकांनी पाहिलं, ते जागच्या जागी गारद. दुसरी पट्टी. सरांच्या बरणीतले, तेच पाणी. परीक्षक वाकले ते वाकलेच राहिले. "अरे वा," ते म्हणाले, "हे तर सहलीला आल्यासारखे फिरताहेत!"

"आता बडा प्राणी," सरांनी मला खूण केली.

मी चमचा तोंडात घातला. आपल्या विभागाची अब्रू राखायची, असं मनाशी ठरवून आलो होतो. दहापर्यंत मोजलं. मग माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि बहुधा कानांतूनही पाणी आलं. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर कविता शिकवताना रडतात त्याहून जास्त रडताहेत."

परीक्षक मात्र गंभीर होते. त्यांनी विचारलं, "हे तिखट सोसणं रक्तात उतरलंय, की नुसती सवय झालीय? आणि नेमकं केव्हा उतरलं, हे कसं सांगणार?"

सर गोंधळले. मी उचकी आवरत म्हणालो, "त्यांच्याकडे दर रविवारच्या बरण्या आहेत. फळीवर. तीसेक असतील. तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेल्या."

परीक्षकांचे डोळे चमकले. "काय सांगता! प्रत्येक टप्प्याचे पूर्वज जिवंत ठेवलेत तुम्ही? म्हणजे आजचा वंशज नि तीस आठवड्यांपूर्वीचा पूर्वज शेजारी शेजारी ठेवून तपासता येतील. अहो, हत्तीच्या बाबतीत हे कुणाच्या बापाला जमणार नाही! केवढी दूरदृष्टी!"

प्राचार्यांची छाती फुगली. त्यांनी बक्षीस मिळाल्यासारखे हात जोडले. सरांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही साहेब," सर म्हणाले. "दूरदृष्टी-बिरदृष्टी काही नाही. मले वाईट वाटे."

"म्हणजे?"

"दर वेळेले तिखट टाकलं का निम्मे-अधिक मरणार हे ठाऊकच होतं. मंग आधी थोडे काढून साध्या पाण्यात ठेवत गेलो. ज्यायले नाही जमणार त्यायचीबी काही सोय पाहिजे ना."

मग एक विद्यार्थी फसकन हसला आणि सगळा हॉल हसला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, सरांकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पुढच्या टेबलावर भूगोलाच्या प्राध्यापकांचा शाडूचा ज्वालामुखी होता. त्यातून खरा धूर येत होता. बक्षीस ज्वालामुखीला मिळालं.

आम्ही सायकली हातात धरून चालत घरी निघालो. मला बोलवत नव्हतं, कारण जीभ सुजली होती. मेडिकल कॉलेजचा चौक गेल्यावर सर आपणहून म्हणाले, "मले एक लहान भाऊ आहे, शिंदे. वसंता."

मला इतक्या दिवसांत हे ठाऊक नव्हतं. कॉलेजात कुणालाच नव्हतं.

सरांचे वडील शाळेत हेडमास्तर होते. करड्या शिस्तीचे. घरातही हेडमास्तरच. शामरावांना पंचाहत्तर मार्क मिळाले की पुढच्या वेळी ऐंशी पाहिजेत. ऐंशी मिळाले की पंच्याऐंशी. शामराव देत गेले. वसंता डावखुरा होता. वडील त्याचा डावा हात सुतळीनं पाठीशी बांधून त्याला अभ्यासाला बसवत. वसंता उजव्या हातानं लिही आणि ते कुणाला वाचता येत नसे. मॅट्रिकला दोनदा नापास झाला. दुसऱ्या निकालाच्या दिवशी दुपारी पोस्टात जाऊन येतो म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. वर्षभरानं एक कार्ड आलं. 'मी बरा आहे. शोधू नका.' वर शिक्का गोंदियाचा.

"बाबा दरवर्षी थेंब वाढवत गेले," सर म्हणाले. "मी टिकलो. मले वाटे, मी हुशार आहे म्हणून टिकलो. तो गेला तवा मी वीस वर्षांचा होतो गा. मले सुतळी सोडता आली असती."

घरी पोचल्यावर ते सरळ मागच्या फळीवरच्या बरण्या पाहायला गेले.

दर उन्हाळ्यात सर गोंदियाला जात. तिकडच्या तलावांचं पाणी आणायला, असं सगळ्यांना सांगत, आणि खरोखर बाटल्या भरून आणत. पण आठ-आठ दिवस ते गावभर हिंडत असत. भाताच्या गिरण्या, शाळा, कचेऱ्या. पंचवीसेक वर्षं हे चाललं होतं. त्या वर्षीही एप्रिलच्या शेवटी गेले. जाताना फळीवरच्या बरण्या माझ्या स्वाधीन केल्या. "सावलीत ठेवा. अन् दर आठ दिवसांनी पाण्यात गव्हाचे दोन दाणे. उपाशी मारू नका."

आठ दिवसांसाठी गेलेला माणूस चौथ्याच दिवशी परत आला. काकूंनी आम्हाला हाक मारली, ती ऐकूनच आम्ही धावलो. सर झोपाळ्यावर बसले होते. बाटल्या रिकाम्याच होत्या.

"सापडला," सर म्हणाले.

उन्हात हिंडून घसा सुकला म्हणून ते रेल्वे फाटकापलीकडे चहा प्यायला गेले होते. तिकडे ते कधी गेले नव्हते. एक चहाची टपरी, दोन बाकडी. चाळिशी उलटलेला एक टकला माणूस चहा गाळत होता. डाव्या हातानं.

"मी पाहतच राहिलो. मंग दिसलं, कोपऱ्यात त्याची पोरगी बसली होती, सात-आठ वर्षांची. पाटीवर लिहून राहिली होती. तीबी डाव्याच हातानं. अन् तो काही बोलत नव्हता तिले. मधूनच पाहे अन् म्हणे, 'वा वं, गोल छान काढला.'" सरांनी खोकल्यासारखं केलं. "तीन चहा पेलो मी."

"मग? काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोललोच नाही."

"बोललेच नाही?" काकू उभ्या राहिल्या. "पंचवीस वर्षं पायाची चाळण केली, अन् तीन चहा पिऊन वापस आले?"

"काय बोलू वं?" सरांचा आवाज एकदम बारीक झाला. "तिथं भिंतीवर आरसा होता. त्यात मी मले पाहिलं. मी आता हुबेहूब बाबांसारखा दिसतो. तेच नाक, तेच गाल. तो इतक्या वर्षांनी सुखानं चहा विकून राहिला, अन् समोर बाबा येऊन बसले तं काय वाटन त्याले? घाबरला असता."

सुमन डोळे पुसायला लागली. काकूंनी मात्र कमरेवर हात ठेवून नवऱ्याचा चेहरा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, आणि म्हणाल्या, "मामंजींले दाढी होती काय?"

"नव्हती. रोज घोटून करत."

"मंग वाढवा."

आणि नागपूरच्या मे महिन्यात झाडे सरांनी दाढी वाढवली. ज्यांनी नागपूरचा मे पाहिला आहे, त्यांनाच याची किंमत कळेल. लोक डोक्यावरचे केससुद्धा उतरवायच्या विचारात असतात, तेव्हा सर हनुवटीवर वाळ्याची ओली पट्टी धरून बसत. दाढी आली तीही एकसारखी नाही. डावीकडे काळी, उजवीकडे पांढरी, मध्ये एक पट्टा येतच नव्हता. पेपर तपासायला कॉलेजात गेले, तर शिपायानं भिक्षेकरी समजून फाटकावर अडवलं. प्राचार्यांना वाटलं, ज्वालामुखीचा धक्का बसला. रोज संध्याकाळी सर माझ्यासमोर उभे राहून विचारत, "कोणासारखा दिसतो?" आणि मी दर वेळी खरं खरं सांगे, "कुणासारखाच नाही."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं गोंदियाला गेलो. मला काकूंनी मुद्दाम बरोबर घेतलं. म्हणाल्या, "हा माणूस मधल्याच स्टेशनावर उतरून जाईन. तुमी दाराकडं बसा."

उतरले नाहीत. पण फाटक ओलांडल्यावर टपरी वीस पावलांवर आली, तसे सर एकदम थांबले आणि खाली वाकले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बुटाची लेस बांधतो."

त्यांच्या पायात चपला होत्या.

काकू थांबल्या नाहीत. सरळ जाऊन बाकड्यावर बसल्या. टपरीवाला पाठमोरा होता, स्टोव्हला पंप मारत होता. कोपऱ्यात ती मुलगी पाटीवर बदक काढत होती. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तो किटली उचलून वळला. त्यानं काकूंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे, रस्त्यात ओणवं झालेल्या त्या चट्ट्यापट्ट्यांच्या दाढीवाल्याकडे पाहिलं. त्याच्या हातातली किटली तशीच राहिली.

"दादा," तो म्हणाला, "हे काय सोंग गा?"

सर उठले. दोन्ही हातांनी दाढी झाकायला गेले, मग हात खाली घेतले.

"तुले... तुले कसं ओळखू आलं?"

"मागच्या टायमालेबी आलं होतं." वसंतानं खांद्यावरच्या फडक्यानं बाकडं पुसलं. आधीच पुसलेलं होतं, तरी पुन्हा पुसलं. "तू बोलशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो. मले आधी बोलायची हिंमत नाही झाली. चौथा चहा ठेवला होता तुझ्यासाठी. वळून पाहतो तं तू उठून गेला."

मुलगी पाटी खाली ठेवून पाहायला लागली. काकू हसत होत्या की काय ते कळेना, पदर तोंडात होता.

सर त्या पुसलेल्या बाकड्यावर बसले. बराच वेळ दाढी खाजवत राहिले.

"मंग आता ठेव," ते म्हणाले.